चित्रातली नवरी



व्हिएन्ना शहरात शोनब्रुन नावाचा प्रचंड राजवाडा आहे. काही वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर मी तो पाहिला. सहलीबरोबर पाहणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पुढे छत्री उंच धरून चालणारा वाटाड्या, मागे आपली चाळीस माणसं, कुणाला पाणी हवंय, कुणाचे गुडघे दुखताहेत, आणि 'बस अडीचला सुटणार' एवढी एकच सूचना सगळ्यांच्या पक्की लक्षात. त्या राजवाड्यातल्या एका दालनात भिंती व्यापून टाकणारी मोठमोठी चित्रं लावलेली आहेत. सगळी एकाच लग्नाची, १७६० सालच्या. मार्टिन फान मेयटेन्स हा दरबारी चित्रकार आणि त्याच्या हाताखालचे कलाकार यांनी ती काढली. एका चित्रात नवरीची वरात शहरात शिरते आहे. घोडागाड्यांची रांग नागमोडी वळणं घेत चित्रभर पसरली आहे. दुसऱ्यात चर्चमधला विधी, तिसऱ्यात मेजवानी, आणि एकात गाण्याचा जलसा.

या जलशाच्या चित्रापाशी वाटाड्या थांबला. गर्दीत बसलेल्या एका लहान मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मोझार्ट!" झालं. चाळीसच्या चाळीस माणसं माना उंचावून त्या मुलाला शोधू लागली. गंमत अशी, की लग्न झालं तेव्हा मोझार्ट चार वर्षांचा होता आणि साल्झबुर्गला आपल्या घरी होता. व्हिएन्नाला तो पहिल्यांदा आला १७६२ मध्ये. चित्रं पूर्ण व्हायला काही वर्षं लागली. तेवढ्यात या पोराचं नाव गाजलं, म्हणून चित्रकाराने त्याला लग्नात नेऊन बसवलं.

मी जरा मागे राहिले होते. वाटाड्याला विचारलं, "मोझार्ट दिसला, पण नवरी कोण?" तो चालता चालता म्हणाला, "पार्माची राजकन्या. इझाबेला. लवकर गेली बिचारी." आणि पुढच्या दालनात निघून गेला.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. युरोपचा इतिहास शिकवताना तह, युद्धं, वारसाहक्क हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. त्या तहांच्या खाली कुणाकुणाच्या मुलींची नावं होती, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. माझ्या मनात आलंही नाही. घरी आल्यावर ते 'लवकर गेली बिचारी' काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसले. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

पार्मा हे उत्तर इटलीतलं शहर. ज्या पार्मेझान चीजचं नाव आता आपल्याकडच्या पिझ्झाच्या दुकानांतही ऐकू येतं, त्याचं हे गाव. अठराव्या शतकात इटली असा एक देश नव्हता. छोटीछोटी राज्यं होती, आणि युरोपातली मोठी घराणी आपल्या धाकट्या मुलांची सोय लावायला या राज्यांकडे डोळे लावून बसत. इझाबेलाची आजी, म्हणजे वडिलांची आई, एलिझाबेथ फार्नेझे ही मूळची पार्माच्याच राजघराण्यातली. ती स्पेनची राणी झाली. नवऱ्याला पहिल्या बायकोपासून मुलगे होते, तेव्हा स्पेनची गादी आपल्या मुलांना मिळेल याची खात्री नव्हती. मग या बाईने आपल्या मुलांसाठी इटलीत राज्यं मिळवण्याचा ध्यासच घेतला. एका मुलाला नेपल्स मिळालं. दुसऱ्याला, फिलिपला, १७४८ च्या तहात पार्मा मिळालं. हा फिलिप इझाबेलाचा बाप.

आई लुईज एलिझाबेथ. फ्रान्सच्या पंधराव्या लुईची थोरली मुलगी. तिला एक जुळी बहीण होती, हेन्रिएत. १७३९ मध्ये लुईज एलिझाबेथचं लग्न लावून तिला स्पेनला पाठवलं, तेव्हा तिचं वय होतं बारा. आणि ३१ डिसेंबर १७४१ या दिवशी माद्रिदला इझाबेला जन्मली, तेव्हा आई चौदा वर्षांची होती. श्रोतेहो, आपल्या पणज्यांच्या गोष्टी ऐकलेल्यांना या आकड्यांचं आश्चर्य वाटायचं नाही. पण व्हर्सायच्या झगमगाटात, ज्ञानप्रकाशाच्या म्हणून गाजलेल्या शतकातही हेच चाललं होतं, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

मुलगी दोन महिन्यांचीही झाली नव्हती, तेवढ्यात बाप इटलीत लढायला गेला. तो तिला पुन्हा दिसला १७४९ मध्ये, ती आठव्या वर्षात असताना. म्हणजे वडील ही व्यक्ती तिला ओळखदेख करून घ्यावी लागली. पार्माला जाताना आईने लेकीला घेऊन वाटेत व्हर्सायला माहेरी चांगला लांबलचक मुक्काम केला. तिथे नातिए या चित्रकाराने इझाबेलाचं चित्र काढलं. त्या वयातही कपडे मोठ्या बाईसारखेच आहेत. चेहरा तेवढा मुलीचा.

तर हिला इटालियन म्हणायचं कशाच्या जोरावर? जन्म स्पेनचा, आई फ्रेंच, घरात बोलणं आणि लिहिणं फ्रेंच. पण वाढली पार्माला, ओळखली गेली पार्माची म्हणून. राजघराण्यातल्या मुलींचं मूळ गाव शोधायला जाऊ नये. बापाच्या तहात लिहिलं असेल ते त्यांचं गाव.

पार्मा मिळालं खरं, पण रिकामं. आधी तिथे राज्य करून गेलेल्या थोरल्या काकांनी, म्हणजे नेपल्स मिळालेल्या चार्ल्सने, फार्नेझे घराण्याची चित्रं, पुतळे, ग्रंथ असा सगळा संग्रह नेपल्सला हलवला होता. भाऊबंदकी ही काही आपलीच मिरासदारी नाही. लुईज एलिझाबेथला पैशाची सतत चणचण. ती दर थोड्या वर्षांनी बापाकडे व्हर्सायला जाई आणि आपल्या लहानशा राज्यासाठी, मुलांच्या सोयरिकींसाठी खटपट करी. १७५१ या एकाच वर्षात तिला आणखी दोन मुलं झाली, जानेवारीत फर्डिनांड आणि डिसेंबरात मारिया लुईसा. ही धाकटी बहीण पुढे स्पेनची राणी झाली. गोयाने काढलेल्या स्पॅनिश राजकुटुंबाच्या प्रसिद्ध चित्रात मधोमध उभी आहे ती हीच.

इझाबेला दहा वर्षांनी मोठी. आईची सतत प्रवासाला जाण्याची सवय, वडील शिकारीच्या नादात. ही मुलगी वाचू लागली. व्हायोलिन उत्तम वाजवायची. गणित, तत्त्वज्ञान, युद्धशास्त्र, जे पुस्तक हाती येईल ते वाचायची. आपल्या लहानपणाचं एक विनोदी आत्मवृत्तही तिने लिहून ठेवलंय. त्यात आपण किती उड्या मारायचो, किती पडायचो, किती मोडतोड करायचो, याची मोठ्या मजेने यादी दिली आहे. पुढची इझाबेला ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही उड्या मारणारी पोर फार चटका लावून जाते.

१७५६ मध्ये युरोपात एक मोठा उलटफेर झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांनी मैत्री केली. अशा मैत्रीला बळकटी यायची तर लग्न हवं. ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिचा थोरला मुलगा जोसेफ लग्नाचा होता. फ्रान्सच्या राजाला त्या वयाची मुलगी नव्हती, पण नात होती. इझाबेलाची आई १७५७ मध्ये व्हर्सायला गेली ती या सोयरिकीच्या मागे लागली. लग्न ठरवलं, आणि डिसेंबर १७५९ मध्ये तिथेच तिला देवी आल्या. आठवड्याभरात खेळ संपला. वय बत्तीस. जुळी बहीण आधीच गेली होती, तिच्याशेजारी तिला पुरलं. मुलीला आईने शेवटचं पाहिलं होतं ते दोन वर्षांपूर्वी.

देवी हा शब्द आजच्या तरुण श्रोत्यांना कदाचित नुसता देव्हाऱ्यातला वाटेल. पण माझ्या पिढीला त्याचा दुसरा अर्थ नीट माहीत आहे. अंगभर फोड, ताप, वाचलाच तर चेहऱ्यावर आयुष्यभराचे खड्डे, कित्येकदा आंधळेपण. नैसर्गिकरीत्या देवी आलेल्या शंभरांपैकी वीस ते तीस माणसं दगावत. राजवाड्यात आणि झोपडीत तिचा हिशेब एकच. पुढचं सगळं सांगताना हा आजार मला पुन्हापुन्हा आणावा लागणार आहे.

आई गेल्यावर वर्ष पुरं व्हायच्या आत, सप्टेंबर १७६० मध्ये पार्माला इझाबेलाचं लग्न लागलं. नवरदेव हजर नव्हता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या वतीने दुसरं कुणीतरी उभं राहिलं. मग आल्प्स ओलांडून व्हिएन्नापर्यंतची पाठवणी. भाऊ नऊ वर्षांचा, बहीण आठ. माहेर तिला पुन्हा दिसलं नाही. ६ ऑक्टोबर १७६० रोजी व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये प्रत्यक्ष नवऱ्याशी लग्न लागलं. तो एकोणीस वर्षांचा, ती अठरा. ग्लुक आणि हासे या दोन मोठ्या संगीतकारांनी या समारंभासाठी खास रचना केल्या. शोनब्रुनमधली चित्रं आहेत ती या सोहळ्याची.

इझाबेलाने राजकन्यांच्या नशिबावर एक टिपण लिहिलंय. त्याचा मथितार्थ सांगते. राजाची मुलगी जन्मते तीच लोकांच्या समजुतींची बंदी म्हणून. मानमरातबाचं ओझं तिच्या अंगावर असतं, पण बरोबरीच्या मैत्रीचं सुख तिला मिळत नाही. शेवटी राज्याच्या भल्यासाठी म्हणून तिचा बळी दिला जातो. आपली माणसं, आपला मुलूख सोडून ती ज्याच्याकडे जाते, त्याचा स्वभाव तिला माहीत नसतो. जिथे जाते, तिथलं घर तिच्याकडे संशयाने पाहतं. आणि ज्या राज्याच्या भल्यासाठी हे सगळं केलं, ते भलं तरी होतं का, अशी शंका ती शेवटी काढते.

श्रोतेहो, हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. जात्यावर बसून बायकांनी सासर-माहेराबद्दल जे म्हटलं ते आपण संग्रह करकरून छापलं. हेच दुःख हिऱ्यांचा मुकुट घातलेल्या, रूसो-व्होल्तेरच्या काळातल्या मुलीने तर्कशुद्ध फ्रेंच गद्यात मांडलं होतं. तिने पुरुषांवरही एक उपहासात्मक प्रबंध लिहिला. बायकांची बुद्धी पुरुषांहून कमी नाही, उलट पुरुष आपलं हे लटकं मोठेपण टिकवण्यासाठी त्यांना दाबून ठेवतात, असा त्याचा सूर. हे कुणासाठी छापायचं नव्हतं. लिहिल्याशिवाय तिला राहवत नव्हतं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, सासर वाईट होतं का? मुळीच नाही, आणि हीच तर पंचाईत. जोसेफ तिच्यावर जीव टाकत होता. बोलण्यात फटकळ, स्वभावाने अवघड असा हा मुलगा बायकोसमोर मऊ होई. सासरे, सम्राट फ्रान्सिस, प्रेमळ. सासू मारिया थेरेसा म्हणजे सोळा बाळंतपणं आणि दोन मोठी युद्धं निभावलेली बाई. तिला ही हुशार, शालीन सून फार आवडली. सगळं घर खूश होतं. अशा घरात आपण खूश नाही, हे सांगायचं कुणाला?

सांगायला एक जण मिळाली. नणंद. मारिया ख्रिस्तिना, घरातलं नाव मिमी, इझाबेलापेक्षा चारपाच महिन्यांनी लहान. दोघी एकाच राजवाड्यात राहत, रोज भेटत, आणि तरी इझाबेला तिला चिठ्ठ्या लिही. कधी दिवसातून दोनदोन. अशी सुमारे दोनशे पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत थट्टा आहे, रुसवेफुगवे आहेत, तत्त्वज्ञान आहे, आजारपणाच्या तक्रारी आहेत. आणि सगळ्यात जास्त आहे ते प्रेम. ही मैत्रिणीची पत्रं म्हणायची की प्रेयसीची, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. त्या काळी मैत्रिणी एकमेकींना अशाच भरभरून लिहीत, असं काहींचं म्हणणं. मी ती भाषांतरातून जेवढी वाचली, त्यावरून माझं मत सांगते. ज्या माणसाची आठवण सकाळी देवाच्या आधी येते अशी कबुली एक अत्यंत श्रद्धाळू मुलगी देते, ते प्रेमच. त्याला दुसरं सोयीचं नाव शोधायची काही गरज नाही.

मारिया ख्रिस्तिनाची उत्तरं मात्र आपल्याला जवळजवळ मिळतच नाहीत. दूरध्वनीवर बोलणाऱ्या माणसाची एकच बाजू ऐकू यावी तसं ते सगळं. पलीकडून काय आलं, किती आलं, ते आपण इझाबेलाच्या बोलण्यावरून ताडायचं. काही ठिकाणी असं वाटतं की पलीकडून तेवढं येत नसावं.

आणि जोसेफ? त्याला बायको मनातून आपली नाही याचा पत्ता होता की नव्हता, हे त्याच्या वागण्यावरून तरी दिसत नाही. ती त्याच्याशी प्रामाणिकपणे, समजुतीने वागली. बहिणीबहिणींत, भावाबहिणीत तेढ येऊ नये म्हणून झटली. मला या गोष्टीत खलनायक सापडला नाही. सापडला असता तर सांगणं सोपं गेलं असतं.

लग्नानंतर दीड वर्षाने, मार्च १७६२ मध्ये तिला मुलगी झाली. आजीचं नाव ठेवलं, थेरेसा. गर्भारपण जड गेलं होतं. घराण्याला मुलगा हवा होता. लागोपाठ दोनदा गर्भपात झाला, एकदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एकदा पुढच्या जानेवारीत. वयाच्या एकविसाव्या वर्षी शरीर असं झिजलेलं. तिच्या लिखाणात मृत्यूची ओढ आधीपासून होती, ती आता दाटत गेली. मृत्यूबद्दल ती एखाद्या ठरलेल्या गावाला जायचं असावं तसं लिहिते. पण पापाची भीती तिला होती, त्यामुळे ती वाट पाहते, एवढंच करते.

या काळातलं तिचं एक लिखाण मला फार विलक्षण वाटतं. आपल्या पश्चात मिमीने घरात कसं वागावं, याच्या सूचना तिने लिहून ठेवल्या. सासऱ्यांना काय आवडतं, कुणाच्या सांगण्यावरून त्यांचं मन फिरतं. जोसेफशी कसं बोलावं म्हणजे तो चिडणार नाही. आणि सासूबद्दल असं, की तिचं मुलांवरचं प्रेम खरं आहे, पण त्यात अविश्वास आणि वरवरचा कठोरपणा मिसळलेला असतो, तो ओळखून वागावं. तीन वर्षांत एका परक्या मुलीने युरोपातल्या सगळ्यात बलाढ्य घराचा असा अचूक अंदाज घेतला होता. राजदूतांच्या अहवालांपेक्षा हे टिपण मला जास्त खरं वाटतं. मिमीने त्या सल्ल्याचा उपयोग केला असावा. मारिया थेरेसाच्या मुलींपैकी प्रेमविवाह करू दिला गेला तो फक्त तिला. १७६६ मध्ये तिने सॅक्सनीच्या आल्बर्टशी लग्न केलं. व्हिएन्नातलं आल्बर्टिना हे चित्रसंग्रहालय याच आल्बर्टच्या नावाचं.

नोव्हेंबर १७६३. इझाबेला पुन्हा गरोदर होती, सातव्या महिन्याच्या आसपास. ताप आला आणि अंगावर फोड दिसले. देवी. २२ नोव्हेंबरला ती अवेळी बाळंत झाली. मुलगी. तिचं नाव मारिया ख्रिस्तिना ठेवलं. ती त्याच दिवशी गेली. २७ नोव्हेंबरला इझाबेला गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. जोसेफला सहा वर्षांपूर्वी देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे त्याला धोका नव्हता. तो शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून होता. नंतर त्याने सासऱ्यांना पार्माला पत्र लिहिलं. आपलं सगळं गेलं, असं लिहिणारा तो बावीस वर्षांचा विधुर पुढे पंचवीस वर्षं सम्राट म्हणून वावरला, पण त्या पत्रातला सूर त्याच्या बोलण्यात पुन्हा कुणाला ऐकू आला नाही.

पुढच्याच वर्षी, १७६४ मध्ये, पार्माला एक धाडस झालं. जिनिव्हाचा नामांकित डॉक्टर त्रोंशँ याला बोलावून इझाबेलाच्या भावाला, फर्डिनांडला, देवी टोचून घेतल्या. जेन्नरच्या गोस्तनदेवीच्या लशीला अजून तीस वर्षं होती. ही जुनी पद्धत. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या हातावर ओरखडा काढून त्यात भरायचा. हलका आजार येई आणि बहुधा माणूस जन्मभर सुरक्षित राही. आपल्याकडे बंगालमध्ये, तिकडे तुर्कस्तानात ही युक्ती आधीपासून होती. तिच्यातही शंभरात एखाददुसरा दगावे. बायको गेली, थोरली लेक गेली, आता एकुलता मुलगा पणाला लावायचा, हा निर्णय फिलिपने कसा घेतला असेल? मुलगा वाचला. बाप वर्षभरात, १७६५ मध्ये वारला.

व्हिएन्नाच्या दरबाराला मात्र हे धाडस करायला आणखी प्रेतं पाहावी लागली. राजवैद्यांना टोचणीबद्दल शंका होत्या. जोसेफला पुन्हा लग्न कर म्हणून गळ घातली गेली. त्याने इझाबेलाची धाकटी बहीण मागितली, पण ती स्पेनला देऊ केलेली होती. मग बव्हेरियाच्या योझेफाशी लग्न लावून दिलं. बायकोकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्या बापड्या बाईचा काय दोष? मे १७६७ मध्ये तीही देवींनी गेली. तिच्याजवळ गेलेल्या मारिया थेरेसाला लागण झाली, ती मरता मरता वाचली. ऑक्टोबरमध्ये सोळा वर्षांची राजकन्या मारिया योझेफा, नेपल्सच्या राजाला दिलेली, लग्नाला निघायच्या दिवसांत देवींनीच मेली. दुसरी मुलगी, एलिझाबेथ, घरातली सगळ्यात देखणी, वाचली पण चेहरा विद्रूप झाला. तिचं लग्न झालं नाही.

तेव्हा कुठे महाराणीने इंग्लंडहून यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरला बोलावलं. १७६८ मध्ये त्याने आधी गरिबांच्या मुलांना टोचून पाहिलं. हे वाचताना थोडं अडखळायला होतं. धोका आधी कुणाच्या मुलांनी घ्यायचा, हे तेव्हाही ठरलेलं होतं. ती मुलं सुखरूप राहिल्यावर राजपुत्रांना टोचलं, आणि त्यांच्याबरोबर इझाबेलाच्या सहा वर्षांच्या थेरेसालाही. मग शोनब्रुनला त्या गरीब मुलांना जेवण दिलं. पंगतीत वाढायला स्वतः महाराणी आणि तिची मुलं होती. ज्या राजवाड्यात लग्नाची चित्रं आहेत, त्याच राजवाड्यात.

थेरेसाला देवी आल्या नाहीत. जानेवारी १७७० मध्ये, आठव्या वाढदिवसाला दोन महिने असताना, ती छातीच्या आजाराने गेली. जोसेफने त्यानंतर लग्न केलं नाही, त्याला मूल राहिलं नाही.

सोयरिकी थांबल्या नाहीत. १७६९ मध्ये जोसेफची बहीण अमालिया पार्माला इझाबेलाच्या भावाला दिली, तिच्या मनाविरुद्ध. १७७० मध्ये सगळ्यात धाकटी बहीण फ्रान्सला, इझाबेलाच्या मामेभावाला दिली. ती मारी आंत्वानेत. वहिनी लग्न होऊन घरात आली, तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती. १७७४ मध्ये आजोबा पंधरावा लुईही देवींनीच गेला, आणि महिन्याभरात नव्या राजाने आणि त्याच्या भावांनी टोचून घेतलं. आजोबा, मुलगी, नात अशा तीन पिढ्या एका रोगाने नेल्या.

माझ्या डाव्या दंडावर देवी काढल्याच्या दोन खुणा आहेत. आमच्या शाळेत देवी टोचायला माणूस आला की वर्गातली निम्मी मुलं पोट दुखतंय म्हणून घरी पळत. या खुणेचा धागा व्हिएन्नापर्यंत जातो, हे मला हे सगळं वाचताना कळलं. जेन्नरची लस इंग्लंडहून जहाजाने आणताना वाटेतच निकामी होई. तेव्हा व्हिएन्नातल्या द कारो नावाच्या डॉक्टरने ती खुष्कीच्या मार्गाने बगदादकडे पाठवली. त्यासाठी त्याने वापरलेली लस पार्माच्या शेजारच्या लोंबार्डीतल्या गायींपासून मिळवलेली होती. बगदादहून ती बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. भारतात लस यशस्वीपणे लागू पडलेलं हे पहिलं मूल. तिच्या हातावरच्या फोडातून दुसऱ्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी पुढे, अशी ती देशभर गेली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं.

पुढे माझा भाचा म्युनिकला नोकरीला होता. त्याच्याकडे गेले तेव्हा मुद्दाम दोन दिवस काढून पुन्हा व्हिएन्नाला गेले. यावेळी मागे झेंडी-छत्री नव्हती. कापुचिन चर्चच्या तळघरात राजघराण्याच्या शवपेट्या आहेत. मारिया थेरेसा आणि तिच्या नवऱ्याची पेटी एखाद्या महालासारखी नक्षीदार, तिच्या पायाशी जोसेफची साधी, बिननक्षीची तांब्याची. इझाबेलाही त्याच दालनात आहे. लोक मोठ्या पेटीचे फोटो काढतात आणि पुढे जातात.

तिथून चालत ऑगस्टिनियन चर्चमध्ये गेले. ज्या चर्चमध्ये इझाबेलाचं लग्न लागलं तेच हे. आत शिरल्यावर उजव्या हाताला संगमरवराचा पांढराशुभ्र पिरॅमिड दिसतो. कानोव्हा या इटालियन शिल्पकाराचं काम. त्याच्या काळ्या दारातून माणसं खाली मान घालून आत चालली आहेत. हे मारिया ख्रिस्तिनाचं स्मारक. ती १७९८ मध्ये गेली, तेव्हा तिच्याजवळ इझाबेलाची पत्रं जपून ठेवलेली होती. पस्तीस वर्षं. स्मारक आल्बर्टने उभारलं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, सर्वोत्तम पत्नीस, आल्बर्टकडून.

मी समोरच्या बाकावर बसले. वर कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, दरवेळी त्याच ठिकाणी चुकत होतं.